बेट झालेली नौका

आपल्या समाजाचा इतिहास गलबत फुटण्यापासून सुरू होतो. नौगावच्या किनाऱ्यास लागलेल्या सात जोडप्यांची हकीकत आपण सर्वांनी लहानपणी घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. त्यामुळेच की काय, जहाजाची गोष्ट निघाली की आपल्या घरांतून अजूनही कान टवकारले जातात. परंतु लोकांच्या ध्यानात राहतात ती बहुधा बुडालेली जहाजे. न बुडता, पडेल ते काम करीत, मालक व निशाण बदलत पन्नास-साठ वर्षे चाकरी केलेल्या जहाजाची हकीकत सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. हॉलंडच्या उत्तर टोकाला डेन हेल्डर या बंदरात अशी एक लहानशी नौका धक्क्याला बांधून ठेवलेली आहे. तिचे नाव 'अब्राहाम क्राइनसन'. तिच्या आयुष्यातील आठ दिवस जगप्रसिद्ध आहेत. उरलेल्या वर्षांविषयीही चार शब्द लिहावेत, या हेतूने हा लेख.

ही नौका स्खीडाम येथील गुस्टो कंपनीच्या गोदीत बांधली गेली. सप्टेंबर १९३६ मध्ये ती पाण्यात उतरली आणि मे १९३७ मध्ये डच आरमारात दाखल झाली. लांबी ५६ मीटर, वजन सव्वापाचशे टनांच्या आसपास, वेग ताशी १५ सागरी मैल, खलाशी व अधिकारी मिळून ४५ माणसे. पुढच्या अंगास तीन इंची एक तोफ आणि विमानांवर रोखण्यास दोन लहान तोफा. लढाऊ जहाजांच्या पंक्तीत बसविण्याजोगे यात काही नव्हते, आणि तिची नेमणूकही तशी नव्हती. तिचे काम पाणसुरुंग काढण्याचे. हे सुरुंग तळाशी वजन बांधून पाण्याच्या पोटात तरंगत ठेवलेले असतात, वरून दिसत नाहीत. नौका मागे लांब पोलादी दोर सोडून संथपणे चालते. दोराला लावलेल्या कातऱ्या सुरुंगाची साखळी तोडतात, सुरुंग वर येतो, आणि मग दुरून गोळी घालून तो फोडावयाचा. शेतकरी आऊत धरून एका सरीमागून दुसरी सरी काढीत जातो तसे हे काम. कंटाळवाणे, आणि एक सरी चुकली तर जिवावर बेतणारे.

'अब्राहाम' हे नाव वाचून आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल की हा कोणी यहुदी असावा. तसे नाही. अब्राहाम क्राइनसन हा सतराव्या शतकातील झीलंड प्रांताचा ख्रिस्ती दर्यावर्दी. तथापि यहुदी इतिहासात त्याचे नाव एका कारणाने आलेले आहे. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम ही वसाहत त्याने १६६७ साली इंग्रजांकडून जिंकून घेतली. तेथील यहुद्यांना इंग्रजांनी १६६५ साली धर्मपालनाचे व आपल्या पंचायतीचे हक्क दिले होते. राज्य बदलल्यावर असे हक्क बहुधा बुडतात. येथे ते कायम ठेवण्यात आले. पुढे त्याच लोकांनी सुरिनाम नदीकाठच्या आपल्या वस्तीत १६८५ साली 'ब्राखा वे शालोम' नावाचे सिनेगॉग बांधले. त्या वस्तीचे अवशेष २०२३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. याच समाजाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत होते, हेही सांगावयास हवे. नाहीतर गोष्ट अर्धीच राहील.

आता नौकेकडे वळू. तिची नेमणूक डचांच्या ताब्यातील पूर्वेकडील बेटांवर, म्हणजे आजच्या इंडोनेशियात होती आणि ठाणे होते जावा बेटावरील सुरबाया बंदर. सुरबायात बगदादी यहुद्यांची वस्ती होती. मुंबई, कलकत्ता, सिंगापूर या मार्गाने व्यापार करीत करीत ती घराणी तिकडे पोचली होती.

२७ फेब्रुवारी १९४२ रोजी जावाच्या समुद्रात दोस्तांच्या आरमाराचा जपान्यांनी धुव्वा उडविला. डच सेनापती कारेल डोरमन आपल्या जहाजासह बुडाला. उरल्यासुरल्या जहाजांनी ऑस्ट्रेलिया गाठावी, असा हुकूम निघाला. क्राइनसनबरोबर आणखी तीन जहाजे निघावयाची होती, परंतु ६ मार्चला ती सुरबायातून निघाली तेव्हा एकटीच होती. वेग एखाद्या मालवाहू आगबोटीइतका, तोफा नावापुरत्या, आणि डोक्यावर दिवसभर जपानी विमाने. अशा स्थितीत तिच्यावरील लोकांनी जे केले ते आज शाळकरी मुलांच्या पुस्तकांतही आढळते. जवळच्या बेटांवर उतरून त्यांनी झाडे व फांद्या तोडल्या आणि साऱ्या डेकवर रचल्या. झाडांनी झाकले न गेलेले अंग कातळासारखे दिसावे म्हणून रंगविले. दिवसा एखाद्या बेटाच्या कुशीत नांगर टाकून निश्चल पडून राहावयाचे आणि अंधार पडला की चालावयाचे. त्या भागात बेटे हजारोंनी आहेत. त्यांत एक अधिक आहे हे वरून जाणाऱ्या वैमानिकाच्या ध्यानात येऊ नये, एवढाच हिशेब.

अध्यापनाचे शिक्षण घेत असताना आम्हांला एक गोष्ट पुनःपुन्हा सांगितली जाई की, मुलांना प्रसंग सांगताना त्यातील अडचण आधी सांगा, युक्ती मागाहून. येथे अडचण ही की बेट चालत नाही. दिवसा जराशी हालचाल झाली असती, धुराड्यातून धूर निघाला असता, किंवा उन्हाने सुकलेली पाने पिवळी पडून शेजारच्या हिरव्या रानातून वेगळी दिसली असती, तर सोंग उघडे पडले असते. पंचेचाळीस माणसांनी आठ दिवस हा वेष सांभाळला. २० मार्च रोजी ती पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरात होती.

केवळ युक्तीमुळे ती वाचली असे म्हणण्यास मात्र माझे मन धजत नाही. 'पीटर दे बिटर' ही भगिनी-नौका तिच्याच लोकांनी ६ मार्चला सुरबायात बुडविली, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. 'एलांड दुबुआ'ची तीच गत ८ मार्चला झाली. 'यान फान आम्स्टेल'ला त्याच दिवशी एका जपानी विनाशिकेने गाठून बुडविले. चारही नौका एकाच जातीच्या, माणसेही एकाच आरमारात शिकलेली. ऑस्ट्रेलियाला पोचली ती एक. क्राइनसन बेटांच्या आडोशाने सरकत असतानाच जावातील डच सेनेने शरणागती पत्करली. म्हणजे ज्या राज्याच्या चाकरीत ती निघाली ते राज्य मागे उरले नव्हते, आणि खुद्द हॉलंड तर मे १९४० पासून जर्मनांच्या टाचेखाली होते. सुरबायात मागे राहिलेल्या बगदादी यहुद्यांपैकी अनेकांना जपान्यांनी १९४३ साली छावण्यांत डांबले.

फ्रीमँटलला पोचलेल्या नौकेचे करावयाचे काय? ऑस्ट्रेलियाला पाणसुरुंगांपेक्षा पाणबुड्यांची भीती अधिक होती. तेव्हा तिचे रूपांतर गस्तीच्या व व्यापारी तांड्यांना सोबत करण्याच्या नौकेत करण्यात आले. ध्वनीच्या साह्याने पाणबुडी हुडकण्याचे 'अ‍ॅस्डिक' यंत्र तिच्यात बसविले, खोल पाण्यात फुटणारे बाँब डेकवर आले, आणि २८ सप्टेंबर १९४२ रोजी ती ऑस्ट्रेलियन आरमारात दाखल झाली. माणसेही बदलली. काही ऑस्ट्रेलियन, काही डच, आणि काही 'ज्युपिटर' या इंग्रज विनाशिकेवरून वाचलेले. ही 'ज्युपिटर' जावाच्या त्याच लढाईत डचांनीच पेरलेल्या सुरुंगावर आपटून बुडाली, असे मानतात. मित्राच्या सुरुंगाने ज्यांचे जहाज नेले त्यांना त्याच मित्राची सुरुंग काढणारी नौका मिळाली!

२६ जानेवारी १९४३ रोजी बास सामुद्रधुनीतून एक तांडा सिडनीकडे नेत असता यंत्रावर पाणबुडीची चाहूल लागली. तांडा पांगविण्यात आला आणि क्राइनसनने 'बंडाबर्ग' या जोडीदार नौकेसह बाँब टाकण्यास सुरुवात केली. पहिले दोन बाँब इतक्या घाईने सोडले की धक्का क्राइनसनलाच बसला. नळ निखळले आणि तळाच्या मधल्या रेषेवरील सगळे रिव्हेट नव्याने ठोकून घ्यावे लागले. आठवडाभर ती गोदीत पडून होती. पाणबुडीचा मागमूस लागला नाही. मला हा प्रसंग बेटाच्या गोष्टीइतकाच आवडतो, कारण रोजची चाकरी ही अशीच असते.

'बंडाबर्ग' ज्या जातीची, त्याच जातीची 'बेंगॉल' ही नौका त्या दिवसांत हिंदी आरमारासाठी ऑस्ट्रेलियात बांधून तयार झाली होती. मुंबईकरांना तिचा विसर पडू नये. फ्रीमँटलहून निघून 'ओंडिना' या डच तेलवाहू जहाजाला सोबत करीत ती येत असता ११ नोव्हेंबर १९४२ रोजी दोन मोठ्या जपानी हल्लेखोर जहाजांनी त्यांना गाठले. 'बेंगॉल'वर मोठी तोफ म्हणावी अशी एकच. तरी ती सरळ शत्रूवर चालून गेली. दोघांपैकी 'होकोकू मारू' हे जहाज स्फोट होऊन बुडाले, आणि ओंडिनाचा कप्तान पडला तरी दोन्ही नौका वाचल्या. डच व हिंदी खलाशांनी एकमेकांचा जीव राखल्याचा हा प्रसंग आहे.

५ मे १९४३ रोजी क्राइनसन पुन्हा डच निशाणाखाली आली, पण राहिली ऑस्ट्रेलियाच्याच पाण्यात. जून १९४५ मध्ये तेल साठविण्याचा एक पडाव ओढीत ती सिडनीहून डार्विनकडे निघाली, तेव्हा वाटेत दोर तुटला. युद्ध संपल्यावर तिमोर बेटावरील कुपांग बंदरातले सुरुंग तिने काढून दिले, तेव्हा कोठे जपान्यांची शरणागती स्वीकारण्यास जहाजे आत शिरली. मूळच्या पेशाचे काम तिच्या वाट्याला पुन्हा आले ते असे.

येथून पुढची काही वर्षे लिहिताना लेखणी थोडी अडखळते. इंडोनेशियाने १७ ऑगस्ट १९४५ रोजी आपले स्वातंत्र्य पुकारले होते. डचांना ते मान्य नव्हते. गेलेले राज्य परत मिळविण्यासाठी त्यांनी चार वर्षे सैन्य झिजविले. ज्या बेटांनी क्राइनसनला आपली झाडे व आपला आडोसा दिला, त्याच बेटांभोवती ती आता तेथील लोकांच्या स्वातंत्र्याविरुद्ध गस्त घालू लागली. सिडनीच्या धक्क्यांवर हिंदी खलाशांनी १९४५ साली डच जहाजांवर काम करण्याचे नाकारले, ते याच कारणास्तव. सुरबायात इंग्रजांनी उतरविलेल्या हिंदी फौजेत मराठा पलटणीही होत्या, आणि तेथे फार रक्त सांडले. पंडित नेहरूंनी जानेवारी १९४९ मध्ये इंडोनेशियाच्या प्रश्नावर दिल्लीत परिषद भरविली. अखेर २७ डिसेंबर १९४९ रोजी डचांनी सत्ता सोडली. बेटाची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक या वर्षांवरून एका वाक्यात पुढे जातात. नौकेला दोष देता येत नाही. सुकाणू ज्याच्या हाती, दिशा त्याची. पण गोष्ट सांगणाऱ्याला ती सबब नाही.

ऑगस्ट १९५१ मध्ये ती स्वदेशी निघाली. ती आता म्हातारी झाली होती, वेग कमी, यंत्रे जुनी. तरीही भंगारात न काढता मार्च १९५६ मध्ये तिचे आणखी एक रूपांतर करण्यात आले. पाणबुड्या आत शिरू नयेत म्हणून बंदराच्या तोंडाशी पोलादी जाळी टाकतात; ती टाकावयाची, उचलावयाची व दुरुस्त करावयाची, हे तिचे नवे काम. समुद्र ओलांडणारी नौका दारावरची रखवालदार झाली, असे म्हणा. १९६० च्या सुमारास आरमाराच्या यादीतून तिचे नाव कमी झाले.

त्यानंतर ती सागरी छात्र दलाकडे गेली. १९६२ ते १९७२ पर्यंत ती हेग येथे होती, नंतर रॉटरडॅमला. (हेग हे नाव आपल्यालाही परके नाही. कोचीनच्या एझिकेल राहबी यांनी १७६८ साली हेगच्या टोबायस बोआस यांना लिहिलेल्या पत्रात मराठी मुलुखातल्या तेल गाळणाऱ्या, शेमा म्हणणाऱ्या आणि शब्बाथ पाळणाऱ्या बेने इस्रायलांचा उल्लेख आहे.) दोर कसा बांधावा, नांगर कसा टाकावा, पहारा कसा बदलावा हे मुलांनी या नौकेवर शिकावे, अशी योजना होती. मी शिक्षक असल्यामुळे असेल, पण तिच्या साऱ्या नोकऱ्यांत मला हीच सर्वांत मानाची वाटते. जिच्यावर एकदा माणसांना श्वास रोखून निश्चल बसावे लागले होते, तिच्यावर आता मुलांचा गलका चाले. बेटाची गोष्ट ऐकल्यावर त्यांतल्या किती मुलांनी डेकवर झाड रोवण्याचा हट्ट धरला असेल, याची कल्पना वर्गात उभे राहिलेल्या कोणालाही करता येईल.

१९९५ साली डेन हेल्डरच्या आरमारी संग्रहालयाने ती ताब्यात घेतली आणि दुरुस्तीस काढली. अशा वेळी प्रश्न पडतो तो हा की, ती नेमकी कोणत्या सालची दिसावी? सुरुंग काढणारी, गस्त घालणारी, जाळी सांभाळणारी की मुलांना शिकविणारी? संग्रहालयाने युद्धकाळातील रूप पसंत केले. रंग त्या वेळचा, रचना त्या वेळची. ते स्वाभाविकच होते. लोक पाहावयास येतात ते बेट झालेली नौका. नंतरच्या कामांसाठी जे जोडले गेले होते ते यात गेले. १९६२ साली पाठीवर बोचके टाकून तिच्यावर पहिल्यांदा चढलेली मुले आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. डेन हेल्डरच्या धक्क्यावर नातवंडांना घेऊन गेली, तर बेटाची गोष्ट तेथील फलकावर लिहिलेली त्यांना आढळेल. आपण कोठे बसून दोराच्या गाठी शिकलो, ती जागा मात्र त्यांना स्वतःच बोट करून दाखवावी लागेल.