भंगारात निघालेली मशीन

गेल्या वेळी आपण गोधडीबद्दल बोललो. आज बोलायचं आहे ते गोधडी जिच्यावर शिवतो त्या मशीनबद्दल. नव्या नाही, जुन्या मशीनबद्दल. माळ्यावर, गोठ्याच्या कोपऱ्यात, पोत्याखाली गंजत पडलेल्या. गेली आठ वर्षं अशा मशिनी दुरुस्त करून मी घरखर्चाला हातभार लावते. सुरुवात हौसेनं झाली, पैसे नंतर आले, आणि पैशाबरोबर एक चूकही झाली. ती शेवटी सांगते. आधी ही मशीन आपल्या घरात आली कशी ते ऐका.

अमेरिकेत १८४६ साली एलायस हाउ नावाच्या कारागिराला शिवणयंत्राचं पेटंट मिळालं. पाच वर्षांनी, १८५१ मध्ये, आयझॅक सिंगरनं आपल्या सुधारलेल्या यंत्राचं पेटंट घेतलं. यंत्र चांगलं होतं, पण साध्या माणसाला एकदम पैसे मोजून घेण्यासारखं नव्हतं. मग १८५६ मध्ये सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क यानं तोडगा काढला. थोडे पैसे आधी भरा, मशीन घरी न्या, बाकीचे महिन्याच्या महिन्याला द्या. आज आपण फ्रिजपासून मोबाइलपर्यंत सगळं हप्त्यावर घेतो, त्या पद्धतीचा जगभर प्रसार करण्यात शिलाई मशीनचा मोठा वाटा आहे. यातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मशीन कंपनीचीच असायची. शिवायची बाई, मालक दुसराच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगर आपल्या देशात पसरली. तिचा इथला कारभार एन. एम. पटेल नावाचे पारशी गृहस्थ पाहत. पहिल्यांदा मशीन घेतली ती शिंप्यांनी, घरातल्या बायकांनी नंतर. आपल्याकडे १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथं परिचारिकेच्या शिक्षणाबरोबर शिवणकामही शिकवलं जाई. विधवा, परित्यक्ता बाईला चार पैसे स्वतःचे मिळवायचे, तर घराबाहेर न पडता होणारं काम म्हणजे शिवण. त्यामुळे मशीन ही नुसती वस्तू राहिली नाही, ती बाईची मिळकत झाली.

गांधीजींचा यंत्रांना विरोध होता हे आपण शाळेत शिकलो. पण १९२४ मध्ये त्यांना कोणी तरी विचारलं, तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरोधात आहात का? तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केलं. बायको हातानं टाके घालून दमते हे बघून सिंगरनं प्रेमापोटी यंत्र केलं, अशी गोष्ट त्यांनी सांगितली. खरं म्हणाल तर सिंगर काही इतका साधा गृहस्थ नव्हता. त्याचे संसार एकाहून अधिक होते आणि त्यानं यंत्र केलं ते बोस्टनच्या एका कारखान्यात, पैसे मिळवायला. पण गांधीजींचा मुद्दा खोटा ठरत नाही. माणसाची पाठ वाचवणारं आणि माणसाच्याच हातात राहणारं यंत्र त्यांना चालत होतं.

मग देशी मशीन आली. १९३५ च्या सुमारास कलकत्त्यात जय इंजिनिअरिंग वर्क्समध्ये ‘उषा’ तयार होऊ लागली. पुढे लुधियाना हे मशिनींचं आणि सुट्या भागांचं मोठं केंद्र झालं. यातली आपल्या कामाची गोष्ट अशी, की आपल्याकडच्या बहुतेक काळ्या मशिनी सिंगरच्या पंधरा नंबरच्या बांधणीवर बेतलेल्या आहेत. म्हणून पन्नास-साठ वर्षांच्या मशीनलाही आज तालुक्याच्या दुकानात बॉबिन, बॉबिन-केस, पट्टा, सुई सगळं मिळतं. दुसऱ्या कुठल्या जुन्या यंत्राचं असं सांगता येईल? माझा हा उद्योग उभा आहे तो या एका गोष्टीवर.

आता हाताचं काम. जाम झालेल्या मशीनचं चाक जोर लावून फिरवू नका. दहातल्या आठ मशिनी मोडलेल्या नसतात, चिकटलेल्या असतात. घरात मशीनचं तेल नव्हतं म्हणून कुणी तरी खोबरेल घातलेलं असतं, कुणी शेंगतेल. ते सुकून डिंकासारखं होतं. तेलाच्या प्रत्येक भोकात थेंब थेंब रॉकेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी चाक हलकेच मागेपुढे करा. सुटली की रॉकेल पुसून खरं मशीनचं तेल घाला. दातांभोवतीची पट्टी काढून आतली लव साफ करा. कधी कधी तिथून जुन्या कापसाचा बोळाच निघतो. गंजलेल्या लोखंडाला बारीक पॉलिश पेपर चालेल, पण अंगावरच्या सोनेरी वेलबुट्टीला हात लावू नका. तिथं स्पिरिट किंवा थिनर लागलं की नक्षी फडक्यावर येते. माझ्या पहिल्या मशीनची अशीच गेली. कापसाच्या बोळ्यावर मशीनचं तेल घेऊन हळू पुसायचं, बस्स.

मशीन सिंगर असेल तर तिचा नंबर बघा. नंबरच्या आधी ‘वाय’ किंवा ‘एफ’ अक्षर असेल, तर ती स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात झालेली. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. त्याची मशीन आपल्या वाडीत अजून ब्लाउज शिवते आहे.

हिशेब सांगते, कारण तुम्ही तोच विचारणार. मागच्या महिन्यात एक पायमशीन बाराशेला घेतली. पट्टा दीडशे, बॉबिन-केस एकशेवीस, बॉबिन भरायच्या चाकाचं रबर वीस, तेल-रॉकेल साठ, टेम्पो तीनशे. झाले अठराशे पन्नास. विकली अडतीसशेला. उरले एकोणीसशे पन्नास, आणि त्यात माझ्या सहा दुपारी गेल्या. महिन्याला एखादी मशीन होते, दोन क्वचित. यावर घर चालत नाही. धाकटीच्या कॉलेजची बसची पास आणि वह्या यावर निघतात.

आता ती चूक. तिसऱ्या वर्षी शेजारच्या आळीतल्या काकूंनी बोलावलं. माळ्यावर उषा होती, जाम झालेली. काकू म्हणाल्या, “भंगारवाला चारशे म्हणतोय. तू पाचशे दे नि घेऊन जा बाई.” मी चाक धरून बघितलं. मला तिथंच कळलं, की ही नुसती चिकटलेली आहे. मी बोलले नाही. पाचशे दिले, चार दिवसांत चालू केली, साडेचार हजाराला विकली. कमाईचा मोठा आनंद झाला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ज्यांनी ती घेतली त्यांच्याच घरी काकू भेटल्या. मशीन समोर होती. काकूंनी तिच्यावरून हात फिरवला, एका जागी बोट थांबलं. तिथं कात्री पडून टवका उडालेला होता. म्हणाल्या, “आमचीच ना गं ही?” मी हो म्हटलं. वाण घेऊन त्या गप्प गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी दोन हजार रुपये घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पैसे मोजून घेतले, मग म्हणाल्या, “हिचे हप्ते मी लोकांची पोलकी शिवून फेडले होते. मालकांनी एक रुपया घातला नव्हता. चालू होणार आहे असं तू म्हणाली असतीस, तर मी विकलीच नसती.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. कंपनी हप्ता फिटेपर्यंत मशीन आपल्या नावावर ठेवायची. काकूंनी ती फेडून स्वतःची केली होती, आणि मला माहीत असलेली एक गोष्ट मी लपवली म्हणून ती त्यांच्या हातून गेली.

तेव्हापासून मशीन बघायला गेले की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “ही चालू होईल. दुरुस्त करून हवी की विकायची?” दुरुस्त करून हवी असेल तर मजुरी चारशे, सामान वेगळं. विकायचीच असेल तर साधारण कितीला जाईल ते मी आधी सांगते, आणि खर्च वजा जाता उरेल त्यातला तिसरा हिस्सा मूळ मालकिणीला देते. मगाशी सांगितलेल्या एकोणीसशे पन्नासातले साडेसहाशे असेच गेले. यानं माझी कमाई घटली हे खरं आहे. निम्म्या बायका मशीन विकतच नाहीत, दुरुस्त करून घेतात. पण त्याच बायका पुढच्या वर्षी पट्टा बदलायला मलाच बोलावतात.

तर मैत्रिणींनो, माळ्यावरची मशीन भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी भोकांत चार थेंब रॉकेल सोडून एक रात्र थांबा. सकाळी चाक हललं, तर मग ठरवा काय करायचं ते.