पशुबळीविरुद्ध धम्माचे युक्तिवाद

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत जत्रांचे दिवस आले की बकऱ्याच्या नवसाचा विषय निघतो. भोरहून घाट चढून गेले की वाई तालुक्यातील मांढरदेव लागते. तेथील यात्रेत पशुहत्येला प्रशासनाची बंदी आहे. पण हुकमाने सुरी थांबते, मन वळत नाही. मन वळवणारे युक्तिवाद धम्मात फार जुने आहेत.

कूटदन्त सुत्त (दीघनिकाय) : कूटदन्त ब्राह्मणाने यज्ञासाठी शेकडो बैल, वासरे, बकऱ्या आणि मेंढे आणले होते. तथागतांनी त्याला महाविजित राजाच्या यज्ञाची गोष्ट सांगितली. त्या यज्ञात एकही जनावर मारले नाही, झाड तोडले नाही आणि दास-नोकरांना धाक दाखवून राबवले नाही. त्याआधी राजाने शेतकऱ्यांना बियाणे, व्यापाऱ्यांना भांडवल आणि नोकरांना वेतन दिले. हे ऐकून कूटदन्ताने जनावरे सोडून दिली.

ब्राह्मणधम्मिक सुत्त (सुत्तनिपात) : गाई आईबाप-भावंडांसारख्या आहेत, अन्न आणि बळ देतात, त्यांना मारू नये. हा युक्तिवाद कृतज्ञतेचा आहे.

अशोकाचे शिलालेख (इ.स.पू. तिसरे शतक) : पहिल्या लेखात बळी देण्यास मनाई आहे. दुसऱ्यात माणसांबरोबर जनावरांच्याही औषधोपचाराची सोय सांगितली आहे. नवव्यात दास-नोकरांशी नीट वागणे आणि प्राण्यांबाबत संयम हे खरे मंगल मानले आहे. या नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली सोपाऱ्याजवळ भुईगावला सापडला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर : ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये त्यांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवरील दयेची आहे.

कूटदन्त सुत्तात आणि अशोकाच्या नवव्या लेखात जनावर आणि राबणारा माणूस एकत्र येतात, हे लक्षात घ्यावे. जनावराच्या नावाने माणसाला मारणारी दया धम्माची नव्हे. आणि ज्यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या मेलेली ढोरे ओढून घेतली, त्यांना ही करुणा कुणी शिकवायला नको.

नीरा ओलांडली की शिरवळजवळ बौद्ध लेणी आहेत. हा विचार या खोऱ्याला परका नाही. म्हणून नवस बोललेल्या शेजाऱ्याची टिंगल करू नका. त्याच्याजवळ बसा आणि कूटदन्ताची गोष्ट सांगा.