परी-जिन्न मराठीत कधी आले?

हॅरी पॉटर वाचणारी आपली मुलं विचारतात, "मराठीत असं काही आहे का?" आहे. परी हा शब्द फारसीतला, जिन्न अरबीतला. मराठीत दोघेही केव्हाच रुळले. १८६१ पासून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या त्या पुण्याच्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी. मौलवींनी नव्हे, शास्त्रीबुवांनी! पुढे गौरी देशपांडेंनी बर्टनच्या 'अरेबियन नाइट्स'चे सोळा खंड मराठीत केले. सातारा जिल्ह्यात, फलटणजवळच्या विंचुर्णीला त्या राहत. (हे खंड मोठ्यांसाठी, मुलांना चिपळूणकरच द्या.)

उर्दू येत असेल तर 'तिलिस्मे होशरुबा' घ्या. १८८३ पासून लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून निघालेला हा अफाट पसारा. त्यातल्या अमर अय्यारच्या झोळीत काय वाटेल ते मावतं.