डेंटल हायजीन पदवी : प्रवेश (अमेरिका)

दातांवरचे कीटण काढणे, दात घासून चकचकीत करणे, दात व हिरडी यांमधल्या फटीची खोली मोजणे, क्ष-किरण चित्रे घेणे आणि घासायचे कसे ते शिकवणे, एवढ्या कामांसाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्वतंत्र परवानाधारक व्यवसाय आहे. तो करणाऱ्याला डेंटल हायजिनिस्ट म्हणतात. मराठीत याला रुळलेला प्रतिशब्द नाही, म्हणून नोंदीत मूळ शब्दच ठेवला आहे. या व्यवसायाच्या पदवीला प्रवेश मिळवण्याची पात्रता, निवड व त्यातल्या अडचणी यांचा येथे विचार केला आहे.

पदवी दोन प्रकारची : असोसिएट, म्हणजे कागदोपत्री २ वर्षांची, बहुधा कम्युनिटी कॉलेजात, आणि बॅचलर, म्हणजे ४ वर्षांची, विद्यापीठात. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम तीनशेहून अधिक असून त्यांत असोसिएट पदवीचे बहुसंख्य आहेत. परवान्याची परीक्षा दोघांना एकच. ‘२ वर्षांची’ हे विशेषण मात्र फसवे आहे. प्रवेशाआधी पुरे करावयाचे विषय धरले, तर वर्ष-दीड वर्ष सहज वाढते.

इतिहास. कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथील दंतवैद्य आल्फ्रेड सिव्हिलियन फोन्स (१८६९–१९३८) यांना या व्यवसायाचा जनक मानतात. फिलाडेल्फियाचे डी. डी. स्मिथ ठरावीक दिवसांनी दात साफ करून रोग टाळावा असे सांगत. त्यांच्या पद्धतीने फोन्स भारावून गेले. तथापि, दाढ किडण्याआधी रोज लोकांचे दात घासत बसणे एकट्या दंतवैद्याला परवडणारे नव्हते. म्हणून १९०६ मध्ये त्यांनी दवाखान्यातली आपली मदतनीस आयरीन न्यूमन हिला हे काम शिकवले. न्यूमन त्यांच्या नात्यातली होती. पुढे १९१७ मध्ये कनेक्टिकटने दिलेला या व्यवसायातला पहिला परवाना तिलाच मिळाला.

पहिला वर्ग नोव्हेंबर १९१३ मध्ये फोन्स यांच्या दवाखान्याला लागून असलेल्या घोडागाडीच्या कोठारात भरला. विद्यार्थिनींत शाळाशिक्षिका होत्या, परिचारिका होत्या, दवाखान्यांतल्या मदतनीस होत्या आणि काही दंतवैद्यांच्या बायकाही होत्या. त्या वेळच्या प्रवेशाला आजच्या अर्थाने कसोटी नव्हती; शहाणी, नीटस आणि मुलांशी बोलता येणारी स्त्री हवी, एवढेच. व्याख्याते मात्र मोठ्या विद्यापीठांतून बोलावलेले होते. १९१४ च्या जूनमध्ये २७ जणी उत्तीर्ण झाल्या आणि त्यांतल्या अनेकींना ब्रिजपोर्टच्या शाळांत मुलांचे दात साफ करण्याच्या कामावर घेतले गेले. वर्गातील व्याख्याने एकत्र करून फोन्स यांनी १९१६ मध्ये ‘माउथ हायजीन’ हे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. ‘डेंटल नर्स’ हे नाव त्यांनी जाणूनबुजून टाळले. नर्स म्हटले की आजार आठवतो आणि हे काम आजार येऊ नये म्हणून करायचे, असा त्यांचा मुद्दा होता.

मान पहिलेपणाचा कोणाचा, हे मात्र सर्वमान्य नाही. सिनसिनाटीच्या ओहायो कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीत १९१० मध्ये दंतपरिचारिकांचा वर्ग सुरू झाला होता. स्थानिक दंतवैद्यांच्या विरोधामुळे तो टिकला नाही, असे म्हणतात. बहुतेक इतिहासकार ब्रिजपोर्टपासूनच आरंभ करतात.

१९१६ मध्ये बॉस्टनचे फोर्साइथ, रॉचेस्टरचे ईस्टमन आणि न्यू यॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ येथे वर्ग निघाले. मिशिगन विद्यापीठात १९२१ मध्ये. अमेरिकन डेंटल हायजिनिस्ट्स असोसिएशन १९२३ ची. १९४७ मध्ये किमान २ वर्षांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा दंडक ठरला आणि १९५२ पासून अभ्यासक्रमांना अधिमान्यता देण्यास सुरुवात झाली. फोन्स यांच्या नावाची शाळा १९४९ पासून ब्रिजपोर्ट विद्यापीठात आहे. सुरुवातीच्या कायद्यांत अनेक राज्यांनी ‘स्त्री’ असाच शब्द वापरला होता. पुरुषांसाठी दार १९६० च्या दशकात उघडले. आजही हा व्यवसाय प्रामुख्याने स्त्रियांचाच आहे.

पाठ्यपुस्तकांच्या इतिहासात एस्थर विल्किन्स (१९१६–२०१६) यांचा उल्लेख टाळता येत नाही. फोर्साइथमधून हायजिनिस्ट होऊन त्या पुढे दंतवैद्य झाल्या आणि वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी हा विभाग उभा केला. तिथल्या वर्गासाठी काढलेल्या टिपणांतून त्यांचे १९५९ चे पाठ्यपुस्तक झाले. आजही हायजीनच्या अनेक विद्यार्थ्यांच्या दप्तरात ते असते.

पूर्वअट विषय. प्रयोगशाळेसह शरीररचना व शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, इंग्रजी लेखन, भाषण, मानसशास्त्र, समाजशास्त्र. यादी सर्वत्र थोडीफार हीच, कारण अधिमान्यता देणाऱ्या आयोगाच्या निकषांत हे विषय अंतर्भूत आहेत. प्रत्येकात किमान ‘सी’ श्रेणी लागते. एकूण सरासरी बहुधा ४ पैकी २.५ ते ३ च्या दरम्यान मागतात, पण जिथे मागणी जास्त तिथे प्रत्यक्षात निवडले गेलेले त्याहून बरेच वर असतात. शास्त्रविषयांना बऱ्याच ठिकाणी मुदत असते : ५ ते ७ वर्षांपूर्वी घेतलेले सूक्ष्मजीवशास्त्र पुन्हा घ्यावे लागते. काही कॉलेजे एकच विषय किती वेळा पुन्हा दिला तेही मोजतात. मुले झाल्यावर चाळिशीत परत येणाऱ्या स्त्रीला अडते ते बुद्धीने नव्हे, या मुदतीने.

निवड. विद्यापीठांत अर्ज, शिफारसपत्रे, निवेदन आणि मुलाखत. काही विद्यापीठे अमेरिकन डेंटल एज्युकेशन असोसिएशनच्या सामायिक अर्जसेवेतून अर्ज घेतात. कम्युनिटी कॉलेजांत गुणपद्धती आढळते : सरासरीला इतके, शास्त्रविषयांना इतके, दवाखान्यात मदतनीस म्हणून काम केले असल्यास इतके, त्याच जिल्ह्यात राहत असल्यास इतके. काही ठिकाणी पात्र ठरलेल्यांची चिठ्ठी काढतात, काही ठिकाणी प्रतीक्षायादी चालते. हायजिनिस्टच्या शेजारी उभे राहून काम पाहिल्याचे तास लिहून, सही-शिक्क्यानिशी जोडावे लागतात. अर्जातला हा सर्वांत स्वस्त आणि नोंदकाराच्या मते सर्वांत उपयोगी भाग होय. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात वाकून, रक्त आणि लाळ यांत काम करायचे आहे, हे तिथेच कळते आणि काही अर्ज तिथेच थांबतात. निवड झाल्यावर हिपॅटायटिस-बीची लस, जीवरक्षक प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आणि पूर्वेतिहासाची तपासणी.

जागा. इतक्या मोठ्या देशात एका वर्गात वीस-पंचवीस जणच का घेतात, असा प्रश्न पडतो. उत्तर खुर्च्यांत आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला दवाखान्यात स्वतःची खुर्ची, दिवा, पाण्याची नळी हवी आणि साधारण ५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, असे निकष आहेत. व्याख्यानाच्या खोलीत पाऊणशे जण बसतील, पण पाऊणशे खुर्च्यांचा दवाखाना बांधून त्याला शिक्षक पुरवणे कॉलेजांच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून उत्तम गुण असूनही अर्ज नाकारला जातो आणि पुढच्या वर्षी तोच अर्ज स्वीकारला जातो.

हात. काही कॉलेजे बोटांच्या कौशल्याची चाचणी घेतात, बहुतेक घेत नाहीत. पहिल्या सत्रात मात्र ते कळतेच. हत्यार पेन धरतो तसे धरायचे नाही : मधल्या बोटाचे पेर दांड्यावर टेकवायचे, अनामिका शेजारच्या दातावर रोवायची, आणि मनगट न हलवता हात खालून फिरवायचा. विद्यार्थी पहिले आठवडे प्लॅस्टिकच्या दातांच्या कवळीवर, आरशात उलटे पाहत सराव करतात. आरशात डावीकडे सरकवलेले हत्यार प्रत्यक्षात उजवीकडे जाते आणि हिरडीला टोचते; प्लॅस्टिक ओरडत नाही, एवढाच दिलासा. उजव्या हाताने काम करणारा रुग्णाच्या डोक्याभोवती घड्याळाच्या आठ ते बारा-एक या भागात बसतो. डावखुऱ्याला नेमकी उलटी बाजू लागते. खुर्ची व ट्रे उजव्यांसाठी लावलेले असले तर डावखुऱ्याचे निम्मे बळ मांडणी बदलण्यातच खर्च होते. डावखुऱ्याने प्रवेशाआधीच चौकशी करावी. हत्यारे बोथट झाली की विद्यार्थी स्वतः दगडावर घासून धार लावतो व प्लॅस्टिकच्या काडीवर ती तपासतो. ती धार आणि कीटणाचा खरखरीतपणा बोटांत ओळखता येणे, हाच या शिक्षणाचा गाभा आहे. निवेदनातले सुंदर इंग्रजी तेथे फारसे कामी येत नाही.

रुग्ण. प्रवेशाच्या माहितीपत्रकात हे फारसे लिहिलेले नसते : शिकण्यासाठी लागणारे रुग्ण बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्याने स्वतः आणायचे असतात. सोपे तोंड, मध्यम, आणि कीटणाने भरलेले, असे प्रकार ठरलेले असून प्रत्येकाची संख्या पुरी करावी लागते. सोपी तोंडे घरातून मिळतात. अवघड तोंडासाठी शेजारी, चर्च, लाँड्रोमॅटवरची सूचना असे सारे मार्ग चोखाळले जातात. पूर्वी परवान्याची प्रात्यक्षिक परीक्षाही जिवंत रुग्णावर होई. हिरडीखाली ठरावीक पृष्ठभागांवर पुरेसे कीटण असलेला माणूस उमेदवाराने स्वतः शोधून परीक्षेच्या दिवशी हजर करायचा. तो आला नाही, तर परीक्षा बुडाली. असा माणूस सापडला की त्याचे आधी दात साफ करायचे नाहीत, कारण परीक्षेपर्यंत कीटण जपायचे, ही त्या पद्धतीतील विसंगती. २०२० च्या साथीनंतर बहुतेक राज्यांत कृत्रिम तोंडावर परीक्षा होऊ लागली.

परवाना. राष्ट्रीय लेखी परीक्षा १९६२ पासून. ३५० बहुपर्यायी प्रश्न. प्रात्यक्षिक आणि परवाना राज्यनिहाय.

अलाबामा. अन्यत्र बहुधा अधिमान्य अभ्यासक्रमाशिवाय परवाना नाही. येथे मात्र दंतवैद्याच्या दवाखान्यात राहून शिकण्याचाही मार्ग आहे. त्याबद्दल मतभेद आहेत.

बॅचलर की असोसिएट? हायजिनिस्टांच्या संघटनेने १९८६ पासून बॅचलर ही किमान पात्रता असावी अशी भूमिका घेतली आहे. राज्यांचे कायदे त्या दिशेने फारसे सरकलेले नाहीत. पगारात फरक किती, हा वादाचा मुद्दा असल्याने येथे दिलेला नाही. शिकवायचे असेल किंवा सार्वजनिक आरोग्यात जायचे असेल, तर बॅचलर लागते. असोसिएट झालेले नोकरी करीत करीत पुढची पदवी पुरी करतात, अशी सोय बऱ्याच विद्यापीठांत आहे.

परदेशी दंतवैद्य. महाराष्ट्रातून गेलेल्या बीडीएस पदवीधरांमुळे हा भाग येथे आवश्यक. अमेरिकेत दंतवैद्य म्हणून परवाना हवा, तर राष्ट्रीय परीक्षेखेरीज २-३ वर्षांचा खर्चिक अभ्यासक्रम पुन्हा करावा लागतो. म्हणून पैसे जमेपर्यंत किंवा व्हिसाचे मार्गी लागेपर्यंत हायजीनकडे वळणारे आढळतात. बहुतेक राज्ये हायजीनचीच अधिमान्य पदवी मागतात. फ्लोरिडासारख्या काही राज्यांत परदेशी दंतपदवीधारकांना वेगळी वाट आहे. बाकीच्यांना रांगेत उभे राहावे लागते : गुणपत्रिकेचे विषयवार मूल्यमापन, टक्क्यांचे सरासरीत रूपांतर, इंग्रजीची परीक्षा. प्रयोगशाळेचे तास गुणपत्रिकेत वेगळे दाखवलेले नसले, तर शरीररचना पुन्हा घ्यावी लागू शकते. मिश्री आणि तंबाखूने काळे पडलेले दात वर्षानुवर्षे साफ केलेल्या डॉक्टरीणबाईंना कम्युनिटी कॉलेजात अठरा वर्षांच्या मुलांशेजारी बसून सूक्ष्मजीवशास्त्राची पहिली कसोटी द्यावी लागते. मुलाखतीत त्यांना हमखास विचारतात : तुम्ही दंतवैद्य झालात की हे सोडून जाणार का?

भारत. दंतवैद्य कायदा, १९४८ मध्ये डेंटल हायजिनिस्टची व्याख्या आहे : दंतवैद्य वा वैद्यकीय व्यावसायिक नसलेली, दातांवरचे कीटण काढणारी, दात साफ वा चकचकीत करणारी अथवा दंतस्वच्छतेचे शिक्षण देणारी व्यक्ती. अभ्यासक्रम बारावी शास्त्रानंतर २ वर्षांच्या पदविकेचा. बीडीएसचे विद्यार्थी हे काम स्वतःच करतात आणि पदवीनंतर दवाखान्यातही तेच करतात. त्यामुळे वेगळ्या हायजिनिस्टची मागणी अल्प. भारतातले पहिले दंतमहाविद्यालय १९२० मध्ये कलकत्त्यात काढणारे डॉ. रफिउद्दीन अहमद हे १९१८ पर्यंत बॉस्टनच्या फोर्साइथ रुग्णालयात काम करीत होते, म्हणजे तेथे हायजिनिस्टांचा वर्ग निघाला त्याच काळात. परतल्यावर त्यांनी महाविद्यालय काढले ते दंतवैद्यांचे. १९४८ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोग कायदा २०२३ मध्ये संमत झाला.

इतर देश. कॅनडा : टोरंटो विद्यापीठात १९५१ मध्ये सुरुवात. ब्रिटन : मे २०१३ पासून रुग्ण दंतवैद्याच्या चिठ्ठीशिवाय थेट हायजिनिस्टकडे जाऊ शकतो. नेदरलँड्स : ४ वर्षांची पदवी.