सायनोजेनचे दिवस
आम्हाला फोनवर रॉम, म्हणजे अँड्रॉइडची वेगळी आवृत्ती, टाकायचं वेड लावलं सायनोजेनमॉडने. स्टीव्ह कॉन्डिकचा हा उद्योग. 2009 मध्ये गूगलने त्याला नोटीस धाडली, कारण रॉमसोबत तो गूगलची ॲप्सही वाटत होता. तेव्हापासून ती वेगळ्या झिपमधून टाकायची रीत पडली. रिकव्हरीत शिरायचं, डेटा पुसायचा, झिप टाकायची आणि पहिल्या बूटला लोगो फिरत असताना देव पाण्यात ठेवून बसायचं! 2014 मध्ये सायनोजेनच्या भारतातल्या हक्कांवरून वनप्लस-मायक्रोमॅक्स या फोन कंपन्यांचं भांडण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. 2016 अखेर सायनोजेनमॉडचा गाशा गुंडाळला, वारसा लिनेजओएसकडे आला.

आता काही कंपन्या स्वतःच सात वर्षं अपडेट देतात, आणि रॉमसाठी उघडलेला बूटलोडर दिसला की माझ्या बँकेचं ॲप चालतच नाही. रोजच्या फोनवर मी रॉम टाकत नाही. अपडेट थांबलेल्या जुन्यावर खुशाल टाका. फक्त त्या मॉडेलचं बिल्ड आहे का, ते आधी बघा.