पीएच.डी.नंतरचे संशोधन : रेणवीय जीवशास्त्र व जैववैद्यकातील संधी

रेणवीय जीवशास्त्र अथवा जैववैद्यकीय विज्ञानात पीएच.डी. मिळविल्यानंतर स्वतंत्र संशोधक होण्यासाठी बहुधा पोस्टडॉक्टरल संशोधनाचा टप्पा पार करावा लागतो. त्यासाठी देशात अनेक पाठ्यवृत्ती उपलब्ध आहेत. मात्र त्यांपैकी अनेक पाठ्यवृत्तींना वयाची किंवा पदवीनंतरच्या वर्षांची मर्यादा असल्याने, उशिरा शोध सुरू करणारा गुणी उमेदवारही अपात्र ठरू शकतो.

राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल पाठ्यवृत्ती विज्ञान व अभियांत्रिकीच्या सर्व शाखांसाठी आहे. पूर्वी विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे असलेली ही योजना, २०२३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे सोपविण्यात आली. तिची मुदत २ वर्षे असून वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ३५ वर्षे आहे. महिला, दिव्यांग आणि राखीव प्रवर्गांतील उमेदवारांना ५ वर्षांची सवलत मिळते. कारकिर्दीत ही पाठ्यवृत्ती एकदाच घेता येते.

जैवतंत्रज्ञान विभागाच्या रिसर्च असोसिएटशिपसाठी पीएच.डी.धारकांप्रमाणेच एम.डी. किंवा एम.एस. झालेल्या डॉक्टरांचाही विचार केला जातो. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२३ पासून रिसर्च असोसिएटचे मासिक मानधन श्रेणीनुसार ५८ हजार, ६१ हजार आणि ६७ हजार रुपये केले. घरभाडे भत्ता याव्यतिरिक्त मिळतो.

जैवतंत्रज्ञान विभाग व ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या भागीदारीतून 'इंडिया अलायन्स' पाठ्यवृत्ती दिल्या जातात. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये या कार्यक्रमाच्या १,५०० कोटी रुपयांच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. संसारामुळे वा अन्य कारणाने संशोधनात खंड पडलेल्या महिलांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 'वाईज-पीडीएफ' ही स्वतंत्र योजना सुरू केली आहे.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांना युरोपातील 'एम्बो' संस्थेच्या २ वर्षांच्या पाठ्यवृत्तीसाठी वर्षभर केव्हाही अर्ज करता येतो. भारत २०१६ पासून या व्यवस्थेचा सहयोगी सदस्य आहे. परदेशातून परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी पाठ्यवृत्ती आहे.

या विषयांतील संशोधन पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे 'ॲक्ट्रेक', हैदराबादचे पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र, बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आणि तिरुवनंतपुरमचे राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्र या संस्थांत चालते.

पाठ्यवृत्तीच्या अर्जासोबत सामान्यतः मार्गदर्शकाची संमती व संशोधन प्रस्ताव जोडावा लागतो. ही तयारी होण्यास काही महिने लागतात. त्यामुळे पीएच.डी.च्या अखेरच्या वर्षातच प्रयोगशाळा निवडून संबंधित शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार सुरू करणे हिताचे ठरते. पात्रतेचे निकष वेळोवेळी बदलत असल्याने उमेदवारांनी अर्ज करण्यापूर्वी संबंधित विभागाची ताजी जाहिरात अवश्य पाहावी.