पॉवर सप्लायची सेटिंग एका कमांडवर परत कशी येते? आणि धोका कुठे असतो?

इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही लॅबमध्ये टेबलावर एक चौकोनी यंत्र हमखास दिसतं. तो बेंच पॉवर सप्लाय. हवं तेवढं व्होल्टेज द्यायचं आणि करंट ठरवलेल्या मर्यादेबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे त्याचं काम. एका सर्किटला ५ व्होल्ट लागतात, दुसऱ्याला १२. दरवेळी बटणं फिरवण्यापेक्षा सेटिंग यंत्राच्याच मेमरीत ठेवून कॉम्प्युटरवरून परत आणता येते.

कमांड कोणत्या?

'*एसएव्ही' आणि '*आरसीएल', म्हणजे सेव्ह आणि रिकॉल. (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.) पुढचा आकडा मेमरीतल्या जागेचा. '*एसएव्ही २' पाठवलं की सध्याची सेटिंग दुसऱ्या जागेत जाते, '*आरसीएल २' ने तीच परत येते. आधीची चांदणी ही सामायिक कमांडची खूण. १९८७ च्या आयट्रिपलई ४८८.२ या मानकात अशा कमांड ठरवल्या गेल्या, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना त्या कळतात. मात्र या दोन ऐच्छिक आहेत, सगळीकडे असतीलच असं नाही.

गडबड कुठे होते?

आकड्यात. लॅबमध्ये बऱ्याच वापरल्या जाणाऱ्या ई३६३१ए या मॉडेलमध्ये अशा तीन जागा आहेत आणि त्याचं एक आउटपुट २५ व्होल्टपर्यंत जातं. त्यावर ५ व्होल्टचा बोर्ड जोडलेला असताना १ ऐवजी २ नंबर रिकॉल झाला आणि तिथे कुणीतरी २४ व्होल्ट ठेवले असतील, तर बोर्ड गेलाच म्हणायचा. यंत्र 'नक्की का?' असं विचारत नाही. जुन्या सेटिंगवर नवी सेव्ह करतानाही विचारत नाही.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे अनेक यंत्रं व्होल्टेजसोबत आउटपुट चालू होतं की बंद, हेही लक्षात ठेवतात. चालू असताना सेव्ह केलं असेल, तर रिकॉल होताच वीज थेट बोर्डात. त्यामुळे आधी 'आउटप ऑफ' करून मगच सेव्ह करणं बरं. रिकॉलनंतर 'व्होल्ट?' आणि 'करर?' विचारून आकडे तपासायचे, मग 'आउटप ऑन'. दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात, एवढंच.

वीज गेल्यावर सेटिंग टिकते का, हे मॉडेलवर अवलंबून असतं. ई३६३१ए मध्ये टिकते. काही यंत्रांत पुसली जाते, तेव्हा मॅन्युअलमधलं मेमरीचं पान आधी उघडावं लागतं.